पुढे सरकवलेली थाळी

डिसेंबर लागला की माझ्या वडिलांच्या अंगात शांती यायची. अंगात येणं हा शब्द ख्रिस्ती घराला शोभत नाही, मला कळतं, पण याहून बरा शब्द मला अजून सापडलेला नाही. वर्षाचे अकरा महिने टपाल खात्यात मान खाली घालून कारकुनी करणारा हा माणूस बाराव्या महिन्यात गळ्याला मफलर गुंडाळायचा, सायकल काढायचा आणि नागपूरभर लोकांची भांडणं मिटवत हिंडायचा. सदरपासून नंदनवनपर्यंत आमच्या चर्चच्या मंडळीतलं एक घर सोडायचा नाही.

ते मंडळीचे पंच होते. पंच म्हणजे पाळकसाहेबांच्या हाताशी असणारी चार जाणती माणसं. आमच्याकडे रीत अशी, की ज्याचं कुणाशी वाकडं आहे त्याने आधी समेट करायचा आणि मगच प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीने वाटतात त्या, भाकरीला हात लावायचा. नाताळाला प्रभुभोजन असायचं, म्हणून त्याच्या आधीच्या रविवारी तयारीची उपासना व्हायची. तिच्या शेवटी वर्षभर एकमेकांची तोंडं न पाहिलेली माणसं वेदीपुढे यायची, पाळकसाहेबांसमोर हातात हात द्यायची, बायका डोळ्यांना पदर लावायच्या. या जोड्या जमवून आणायचं काम वडिलांचं. सासू-सुना, भाऊ-भाऊ, नळावरून भांडलेले शेजारी, असे कितीतरी त्यांनी जुळवून आणले. घरोघरी त्यांना बसवून चहा आणि शंकरपाळे मिळायचे. लोक म्हणायचे, "तुमच्या जिभेवर देवानं शांती ठेवली हाय गा भाऊ." वडील मान तिरकी करून हसायचे. मला ते हसणं कधी आवडलं नाही.

घरात मात्र शांती या शब्दाचा अर्थ वेगळा होता. आई डाळीत मीठ कमी का पडलं ते सांगायला लागली की, "शांती ठेव." शेजारच्या कोंबड्या वाळवणात शिरल्या म्हणून आई चिडली की, "शांती ठेव." आमच्या घरात शांती ठेवणं म्हणजे आईने गप्प बसणं. वडील कधी चिडले तर ती शिस्त असायची.

आई मुलांच्या दवाखान्यात नर्स होती. माहेर खाप्याचं. कन्हान नदीत पोहायला शिकलेली, मोठ्याने हसणारी बाई, असं तिच्या माहेरची माणसं सांगायची. मी तिला मोठ्याने हसताना फारसं पाहिलेलं नाही. लग्नानंतर तिने नोकरी सोडली नाही, आणि ते सगळ्यात जास्त खुपायचं मोठ्या आईला. मोठी आई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको, आईची मोठी जाऊ. आमचं घर मुळात एकच, मधे भिंत घालून दोन केलेलं. अंगण एक, नळ एक. काका रेल्वेत, बहुतेक वेळ बाहेरगावी, त्यामुळे भिंतीपलीकडून आवाज यायचा तो तिचाच.

मला एक धाकटा भाऊ होता. नुकता चालायला लागला होता. मी तेव्हा पहिलीत होते. त्याला ताप आला होता आणि आई रात्रपाळीला गेली होती. सकाळी ती परतली तेव्हा तो गेलेला होता. आई दारातून तशीच पांढऱ्या साडीत आत आली आणि पायातले बूट तिने दुपारपर्यंत काढले नाहीत, एवढं मला आठवतं. मग अंगण माणसांनी भरलं. आई सतरंजीवर बसली होती, वडील तिच्या बाजूला खुर्चीवर. आणि त्या भरल्या अंगणात मोठी आई म्हणाली, "लोकायचे लेकरं राखता राखता स्वतःचं घालवलं हिनं."

सगळ्यांनी ऐकलं. मीही ऐकलं. आईने मान वर केली. मोठ्या आईकडे नाही, तिने वडिलांकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. वडील हात जोडून म्हणाले, "शांती ठेवा, शांती ठेवा. दुःखाची वेळ आहे."

त्या दिवसापासून दोन्ही जावांचं बोलणं बंद झालं. आणि त्याच वर्षीच्या नाताळापासून आईने प्रभुभोजन घेणं सोडलं.

आमच्या देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणतो) भाकरीचे तुकडे स्टीलच्या थाळीत ठेवून पंच ती प्रत्येक बाकाच्या टोकाला देतात. एकेक जण तुकडा उचलतो आणि थाळी शेजारी सरकवतो. बायकांच्या बाजूला थाळी द्यायचं काम वडिलांचं. आई बाकाच्या अगदी टोकाला बसायची, वाटेच्या कडेला. त्यामुळे वडिलांच्या हातातून थाळी तिलाच घ्यावी लागे. ती घ्यायची, एकही तुकडा न उचलता शेजारच्या बाईकडे द्यायची आणि हात मांडीवर ठेवून समोर बघायची. दोन बाकं पुढे मोठी आई डोळे मिटून तुकडा तोंडात टाकायची. तिला कसलं वाकडं वाटत नव्हतं.

दरवर्षी हे व्हायचं आणि दरवर्षी देवळाबाहेर बायका एकमेकींना कोपर मारायच्या. पंचाची बायको! वडील घरी येऊन डोक्याला हात लावून बसायचे.

"साऱ्या शहराचा समेट करतो मी, अन् माह्याच घरून थाळी वापस येते."

"वापस नाई येत जी," आई म्हणायची, "पुढं जाते."

एकदा मी तिला विचारलं, "आई, तू काहून नाई घेत वं?"

"मनात असलं तर घेऊ नये. तुह्या बाबानंच शिकवलं ना सगळ्यायले."

मनात काय असणार ते मला माहीत होतं, असं मी समजत होते. मोठ्या आईचं ते वाक्य. मी त्या वाक्यासाठी मोठ्या आईचा मनापासून तिरस्कार केला. तिच्या दोरीवरचे कपडे मुद्दाम चिखलात पाडले. वाटायचं, ही बाई एकदा माफी मागेल तर माझी आई पुन्हा सगळ्यांसारखी होईल.

मी दहावीत होते तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी माझं दृढीकरण झालं होतं, म्हणजे नाताळात मलाही पहिल्यांदा भाकर मिळणार होती. मला ती आईबरोबर घ्यायची होती. बाकी काही मागणं नव्हतं माझं. प्रार्थनेला बसले की मी तेवढंच मागायचे.

नाताळाचा केक तेव्हा घरी भाजत नसत. भट्टी कुणाकडे होती? लोणी-साखर फेटून, अंडी-मैदा घालून मिश्रण घरी तयार करायचं, डब्यांत भरायचं आणि बेकरीत न्यायचं. पावांचा घाणा निघाला की बेकरीवाला आमचे डबे भट्टीत सारायचा. आजी होती तेव्हा दोघी सुना एकाच पितळी गंजात, म्हणजे खोल पातेल्यात, आळीपाळीने फेटायच्या. आजी गेली, मग भाऊ गेला आणि गंज दोन झाले. भिंतीच्या अलीकडे आई फेटायची, पलीकडे मोठी आई. दोन्ही आवाज एकमेकींना ऐकू जायचे. एक थांबला की दुसरा थांबायचा नाही.

त्या डिसेंबरात मोठी आई नळापाशी घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. तिची मुलं नोकरीला बाहेरगावी. केक बेकरीत न्यायच्या दिवशी ती ओसरीत बसून, गंज दोन्ही पायांत धरून डाव्या हाताने साखर-लोणी घोटत होती. म्हणजे घोटायचा प्रयत्न करत होती. गंज घरंगळायचा, ती शिव्या देत पुन्हा पायांत आवळायची. मी खिडकीतून पाहत होते आणि खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती.

आई ड्यूटीवरून आली. अंगणात क्षणभर थांबली. पिशवी पायरीवर ठेवून सरळ पलीकडच्या ओसरीवर गेली, मोठ्या आईच्या पायांतून गंज ओढून घेतला आणि खाली बसून फेटायला लागली. एक शब्द नाही. मोठी आईही बोलली नाही. लोणी पांढरंशुभ्र होईपर्यंत आईचा हात चालला. मग तिने पदराला हात पुसले आणि प्लॅस्टरमधून बाहेर आलेल्या बोटांकडे पाहत म्हणाली, "बाई, बोटं हलवून दाखवा."

मोठ्या आईने बोटं हलवली.

"सूज आहे. झोपतानी हात उशीवर ठेवत जा."

इतक्या वर्षांत दोघींमधलं हे पहिलं बोलणं. आई पिशवी उचलून आमच्या बाजूला आली आणि आमचा गंज घेऊन बसली.

मी मूर्खासारखं हे वडिलांना सांगितलं. ते खुर्चीवरून उठलेच. "देवानं मार्ग उघडला!" मफलर गुंडाळत ते आधी पलीकडे गेले, तिथून पाळकसाहेबांकडे. आई मागून म्हणाली, "अजी, मी फक्त लोणी फेटलं." त्यांना ऐकू गेलं नाही. स्वतःच्या घरातली जोडी जमत होती, या आनंदात त्यांना काय ऐकू जाणार?

तयारीच्या रविवारी मोठी आई पुढे आली. तिच्यावर अन्याय नको म्हणून सांगते, ती खरी रडली. पाळकसाहेब काही बोलायच्या आधीच ती आईला म्हणाली, "माह्यानं चुकलं वं. तुह्या पोराच्या मरणात मी तुले तोडून बोलली. मले माफ कर." तिने प्लॅस्टरचा हात पुढे केला. आईने तो खालून अलगद पेलला, दवाखान्यात पेशंटचा हात पेलते तसा, आणि म्हणाली, "माफ केलं, बाई. कधीचंच केलं."

सगळं देऊळ रडलं. मीही रडले, आनंदाने. वडील बाजूला उभे होते आणि उपासना सुटल्यावर जो तो येऊन त्यांचा हात दाबत होता. समेट केला दोन बायकांनी, शाबासकी वडिलांना.

नाताळाच्या सकाळी दारावर कागदाचा तारा होता, घरात केकचा वास होता, वडील बुटांना पॉलिश करताना भजन गुणगुणत होते. आई आणि मोठी आई एकाच सायकल रिक्षातून देवळात गेल्या. मी मागून चालत गेले आणि सारखी रिक्षातल्या त्या दोन पाठींकडे बघत होते. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. बाकावर आई नेहमीच्या जागी, टोकाला बसली. तिच्या शेजारी मी, माझ्या पलीकडे मोठी आई.

पाळकसाहेब शांतीवर बोलले, नाताळात दुसरं काय बोलणार. मग पंच थाळ्या घेऊन निघाले. वडील आमच्या बाकाशी आले. त्यांनी थाळी नेहमीपेक्षा जरा खाली धरली, आईला सोपं जावं म्हणून, आणि मान तिरकी करून हसले. आजूबाजूच्या बायका उघड उघड पाहत होत्या.

आईने थाळी धरली, पण वडिलांनी सोडली नव्हती. दोघांचे हात थाळीला होते. आईने मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. हे पाहणं मी आधी एकदा पाहिलं होतं, भरल्या अंगणात. ती वाट पाहत होती. वडील हलक्या आवाजात म्हणाले, "घे ना."

आईने थाळी त्यांच्या हातातून घेतली आणि माझ्याकडे दिली.

मी तुकडा उचलला. पहिल्यांदाच उचलत होते. तो टाळूला चिकटून बसला. मोठ्या आईने थाळी घेतली तेव्हा ती माझ्यावरून वाकून आईकडे पाहत होती, तोंड उघडं टाकून. वडील बाकाच्या दुसऱ्या टोकाला पोचले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू तसंच राहिलेलं होतं, काढायला विसरल्यासारखं.

दुपारी जेवायला मोठी आई आमच्याकडेच होती. पुलाव होता, मटण होतं. ती डाव्या हाताने चमच्याने खात होती. वडिलांनी प्रार्थना केली, लांबलचक, आणि दोन घास खाऊन ताट सरकवलं.

"आता काहून?" ते म्हणाले. "आता तर समेट झाला. सगळ्यायसमोर माही इज्जत घालवायची होती का तुले?"

आई वाढत होती. वाढता वाढताच म्हणाली, "बाईसंगं माहं काही वाकडं नव्हतं जी. त्या बोलल्या, काहून की त्यायले माहीत नव्हतं. तुम्हाले माहीत होतं."

मोठ्या आईने विचारलं, "काय माहीत नव्हतं मले?"

"त्या रात्री मी ड्यूटीवर जाणारच नव्हती, बाई." आईचा आवाज चढला नाही. "पोराचं अंग तापून राहिलं होतं. मी ड्यूटीची साडी सोडून ठेवली होती. 'साधा ताप आहे, तू जा, मी आहे ना' हे कोण म्हणलं? मी दोन वेळा दारातून वापस आली. दोन्ही वेळा मले कोणं पाठवलं? दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलल्या तेव्हा हे माह्या बाजूले बसून होते. 'मीच पाठवलं तिले.' एवढंच म्हणायचं होतं यायले. तेव्हा नाई, तर नंतर म्हणायचं होतं. घरात म्हणायचं होतं. मले एकटीले म्हणलं असतं तरी चाललं असतं."

मोठ्या आईने चमचा खाली ठेवला. "भाऊजी, खरं हाय का हे?"

मी वडिलांकडे पाहत होते. इतकी वर्षं मी चुकीच्या माणसाचा तिरस्कार केला, हे मला त्या क्षणी कळत होतं, आणि तरीही मला वाटत होतं की आता म्हणतील. एक वाक्य आहे. सगळ्या शहराला त्यांनी वेदीपुढे उभं करून म्हणायला लावलं, आता आपल्या चटईवर, तीन बायकांसमोर म्हणून टाकतील. मी मनातल्या मनात त्यांना ते वाक्य सांगत होते.

वडिलांनी तांब्याने हात धुतले, ताटातच. मग देवळात वापरायचे त्या आवाजात म्हणाले, "शांती ठेव. सणाचा दिवस आहे."

आईने मान हलवली. "बाई, पुलाव घ्या ना अजून," ती म्हणाली, आणि मोठ्या आईला वाढलं, मला वाढलं, मग स्वतःला वाढून घेतलं आणि पोटभर जेवली. मी तिला इतकं नीट जेवताना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नळावर ती दोन्ही गंज घासत होती, आमचा आणि मोठ्या आईचा. मी पाणी घालत होते. मी म्हटलं, "आई, घेऊन टाकायची होती ना वं भाकर. माह्यासाठी तरी."

"तुह्यासाठी खोटं बोलली असती," ती म्हणाली. "भाकर घेऊन खोटं नसतं बोलता आलं." तिने अजून राख हाताला चोळली. "थाळी तुह्याकडं दिली ना पोरी, तेव्हा बहुत शांत वाटलं मले. ते पाळकसाहेब सांगतात ना, तसं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मला नाही वाटलं शांत. मला वडिलांचा राग आला आणि तो आजही आहे. ते वाईट माणूस नव्हते. मला सायकलवरून शाळेत सोडत, आईच्या रात्रपाळीच्या दिवशी स्वतः पोळ्या लाटत. पण पुढेही दर डिसेंबरात त्यांनी मफलर गुंडाळला, लोकांचे समेट केले, आणि दर नाताळात आईच्या हातात थाळी दिली आणि ती पुढे जाताना पाहिली. ते वाक्य म्हणण्यापेक्षा त्यांना हे सोपं वाटलं. हे मला अजून कळत नाही.

वयाच्या ऐंशीच्या आसपास ते गेले. दवाखान्यात शेवटचे काही दिवस आईने त्यांची सगळी सेवा केली, अंग पुसलं, नखं कापली. ते तिच्याकडे पाहत राहायचे. आई जवळ गेली की डोळे मिटून घ्यायचे. माणसं भेटायला येत ती म्हणत, भाऊ म्हणजे शांतीचा माणूस. आई म्हणायची, "हो जी. बहुत शांत होते." लोक माना डोलवायचे. मोठी आई तेवढी खाली बघायची.

त्या वर्षीच्या नाताळात दुसऱ्याच पंचाने थाळी आणली, तरुण माणूस होता. आई टोकालाच बसली होती. आता घेईल, असं मला वाटलं. आता कुणाशी वाकडं धरायचं? तिने थाळी घेतली, क्षणभर तशीच मांडीवर धरली आणि माझ्याकडे दिली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आता काहून, आई?"

"तुह्या बाबाचं ते म्हणायचं राहूनच गेलं ना वं," ती म्हणाली, आणि मोठ्या आईला रिक्षात चढवायला पुढे गेली.